शिवलेली पानं

॥ श्री ॥
वडगाव मावळ,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. नंदा हिस,
कैलासदादाचे अ. उ. आ.

दिवाळीत मला दारातूनच परत पाठवलंस. यंदा सण नव्हताच, त्यामुळे ओवाळण्याचा प्रश्न नव्हता, पण पाणीसुद्धा विचारलं नाहीस. फोन तर तू समर्थ गेल्यापासून बंदच ठेवला आहेस. म्हणजे आता राहिला कागद. दाजी कंपनीतून सुटले की माझ्या दुकानावरूनच उर्शाला जातात, म्हणून हे पत्र आणि सोबतचं पुस्तक त्यांच्याच हाती देतो आहे. दाजी माणूस असा की पत्र फोडणार नाही आणि काय लिहिलंय म्हणून विचारणारही नाही. सरकारी पोस्टाला असे पोस्टमन मिळत नाहीत.

सहीचं पुन्हा लिहितो. समर्थच्या शौर्य सन्मानाचा प्रस्ताव पुरा झाला आहे. सन्मान देणाऱ्या संस्थेकडे तो एप्रिलअखेर पोचवायचा आहे. भाच्याचं कागदपत्र म्हणून मी त्याला कोर्टाच्या दप्तराचं कापड वापरलेलं नाही. गर्द निळं बकरम मुद्दाम पुण्याहून आणलं, खळीत मोरचूद घातला, म्हणजे वाळवी लागायची नाही. दाजींनी सही केली. आईच्या सहीची जागा तेवढी मोकळी आहे. तू नाही म्हणतेस आणि का ते सांगत नाहीस. आपला मुलगा दुसऱ्यांना वाचवायला पाण्यात उतरला, हे आईच्या सहीनिशी जगापुढे जाऊ नये का?

मी दहावी नापास माणूस. पण तीस वर्षं कोर्टाची आणि तहसीलची दप्तरं बांधता बांधता जे हाताखालून गेलं ते वाचत आलो, आणि एवढं शिकलो की दुःख हलवता येत नाही, बघणाऱ्याला हलवता येतं. आपल्या भाजे गावातून विसापूर भिंतीसारखा दिसतो. पवनेच्या बाजूने गेलीस तर तोच गड आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. पुस्तक एवढंच काम करतं. तुला उचलून पलीकडे नेऊन ठेवतं.

सोबतची कादंबरी खाणीतल्या लोकांची आहे. एका बाईचा मुलगा अडकलेल्यांना काढायला खाणीत उतरतो तो परत येत नाही. सुरुवातीला तिला कुणी शूर मुलाची आई म्हटलं की ती थुंकते. शेवटी तीच दर संध्याकाळी खाणीच्या तोंडाशी दिवा लावायला जाते. भाषांतर बरं आहे. दिव्याच्या वातीबद्दल लेखकाने दोन ठिकाणी चूक केली आहे, ती मी नेहमीप्रमाणे समासात पेन्सिलीने दुरुस्त केली आहे. मधला एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, मी कडेने दोरा घालून शिवून बंद केला आहे. तो तुझ्या उपयोगाचा नाही. तो वगळून पुढे वाच, कथा कुठे अडत नाही.

पिंकीला आशीर्वाद. कॉलेजला जाते ना नीट?

रागात असलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
कैलासदादा

---

उर्से,
२६ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
नंदाचा शि. सा. न. वि. वि.

आज यांना सुट्टी आहे, ते उद्या पत्र देतील. शाळा सुटल्यापासून मी एवढं कधी लिहिलं नाही, अक्षराला नावं ठेवू नकोस. ठेवशीलच म्हणा, पत्रिकेतल्या चुका काढून नवऱ्या मुलीच्या बापाला रडवणारा माणूस तू.

पुस्तक वाचलं. आधी तुझा दोरा उसवला. गोधडीच्या सुईने एकेक टाका काढला, पान फाटू दिलं नाही. शिवलेलं दिसलं की बाई आधी तेच उसवते, हे तुला एवढी पुस्तकं वाचून कळलं नाही?

दादा, तू जे बंद केलंस त्यात ती बाई रोज मुलाचं ताट वाढते आणि दिवस मावळला की ते कुत्र्याला घालते. एक दिवस तिची मुलगी मैत्रिणीबरोबर कशाला तरी हसते, तर ही तिला चुलीतल्या लाकडाने मारते. मी पिंकीला मारलंय. लाकडाने नाही, हाताने. तीसुद्धा हसलीच होती. तेव्हापासून ती घरात हसत नाही आणि मला ते बरं वाटतं, म्हणून मला माझीच भीती वाटते. सगळ्या पुस्तकात तेवढी पानं माझी होती. बाकीचं तुझं.

दिवा लावायला मी कुठे जाऊ? गावात शिरताना तुमचा तो फ्लेक्स. माहेरी यायचं तर त्याच्या खालून यावं लागतं. हात वर केलेला माझा समर्थ, आणि खाली लिहिलंय मावळचा वाघ. दादा, तो मांजराला भ्यायचा. आपल्या सरुबाई मावशीच्या बोक्याला घाबरून ओट्यावर चढून बसलेला, विसरलास? शूर म्हटलं की तो माझ्यापासून लांब जातो. लोकांचा होतो. मग मी रडू कुणाला?

का सही करत नाही ते हे आहे. कळलं तर बघ.

हे विचारतात, दादांना निरोप काय सांगू. मी म्हटलं पत्र आहे ना. तर म्हणाले, पत्र नेतोय ते ठीक, पण तोंडी पण काहीतरी असावं. मग सांगितलं, सांगा, पुस्तकं पाठवत जा. दोरा मजबूत वापरा.

वडीलकीचा लोभ आहेच, तो ताणू नये.
तुझी,
नंदा

---

वडगाव मावळ,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नंदा हिस,
अ. उ. आ.

माझा टाका उसवलास याचा राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. वैद्य सगळ्याच पुड्या एकदम देत नाही. कुणाला काय, कधी, किती, हे बघूनच पुस्तक द्यायचं असतं. लोक कुणालाही काहीही वाचा म्हणून सांगतात, मी तसं करत नाही. पण ताटाचं वाचून मी थोडा वेळ दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. पिंकीला माझ्याकडे पाठवून दे दोन दिवस. इथे तिला हसायला मुभा आहे.

शूर म्हटलं की तो लांब जातो, हे मला पटत नाही. नंदे, काही अर्थ नसताना मुलगा जाणं आणि काही करता करता जाणं यात फरक नाही का? मला तरी तो फरक लागतो. तो माझ्या घरी राहून लोणावळ्याच्या कॉलेजात जात होता. पावसाळ्यात पोरांबरोबर धबधब्याच्या ओढ्यावर दोर धरून पर्यटक उतरवायला जायचा, ते माझ्या घरातून. सकाळी माझ्या हातचा चहा घेऊन गेलेला मुलगा असाच, काही कारण नसताना गेला, असं मी कसं धरून चालू?

म्हणून प्रस्तावात मी ऐकीव एक अक्षर ठेवलेलं नाही. दिवाळीनंतर ओढा आटला तेव्हा खडकांचा नकाशा काढला. त्या दिवशी गावच्या पोरांनी ज्या पर्यटकांना दोराने बाहेर काढलं, ते कुठे उभे होते, ते विचारून घेतलं. पान चारवरचा मजकूर तुला उतरवून देतो: "पाण्याचा लोंढा वाढल्याचे ओळखून कै. समर्थ याने आपली वज्रमूठ उंच करून मागील पर्यटकांना जागीच थांबण्याची खूण केली व त्यांच्या रक्षणार्थ तो स्वतः पुढे झाला." बाजूला फोटो चिकटवला आहे, फ्लेक्सवरचाच. फ्लेक्सवाल्या निलेशने तो त्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओतून घेतला. फ्लेक्स छापायच्या आधी मी त्याच्या शेजारी बसून तारीख आणि तीन शब्द दुरुस्त करून घेतले होते. नाहीतर समर्थच्या नावापुढे "कै." सुद्धा चुकीच्या जागी गेलं असतं.

सोबतचं पुस्तक लहान आहे. एका म्हाताऱ्या नावाड्याचं आत्मचरित्र. यात मी काही शिवलेलं नाही. विश्वास ठेव किंवा तपासून बघ.

सहीचं मनावर घे. लोभ तुझ्या सोयीने, पण असू दे.
कैलासदादा

---

उर्से,
२ मार्च २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नावाडी वाचला. बरा आहे. माणूस बोलका आहे, तुझ्यासारखाच स्वतःवर खूश. दुसऱ्यांदा नाही वाचणार.

पिंकी तुझ्याकडून आल्यापासून मामाने काय काय सांगितलं ते सांगते. तू तिला पुस्तकाला खळ लावायला बसवलीस म्हणे आणि मग खळ लावायची पद्धत चुकली म्हणून तासभर सुनावलंस. ती हे सांगताना हसली आणि लगेच माझ्याकडे बघितलं. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

परवा शेजारची एक बाई आपल्या नातवाला घेऊन आली. त्याला माझ्या पाया पडायला लावलं. म्हणाली, समर्थदादासारखा हो. पोरगं चार वर्षांचं असेल. मी त्याला उचलून बाहेर नेलं आणि सांगितलं, न्हाई व्हायचं तसं, घरी जाऊन जेव. बाई रागावून गेली. आता त्या घरचं बोलणं बंद. अशी एकेक दारं बंद होत चालली आहेत आणि दादा, खरं सांगते, मला ती उघडायचीसुद्धा नाहीत. सकाळी उठते ती फक्त यांचा डबा आहे म्हणून. डबा नसता तर उठले असते का, कुणास ठाऊक.

तुझ्या पान चारवरचं वाचलं. एक विचारू? त्याची मूठ का वळलेली आहे? तुला थांब म्हणायचं असेल तर तू पंजा दाखवशील. बसवाल्याला थांबवताना कुणी मूठ दाखवतं का?

आणि दुसरं. तू तो व्हिडिओ बघितलास का? त्या दिवशी संध्याकाळी गावात प्रत्येकाच्या हातात तोच होता. माझ्या फोनवर तर तो समर्थची बॉडी मिळायच्या आधी आला. कुणी पाठवला माहीत नाही, उघडला नाही. फोन बंद करून तांदळाच्या पिंपात खाली घातला, तो अजून तिथेच आहे. मी बघितला नाही कारण मी आई आहे. तू बघितला असशील ना? एवढा नकाशा काढतोस.

खरं ते कळव. लोभ आहे तसाच राहो.
नंदा

---

वडगाव मावळ,
१६ मार्च २०२५

चि. सौ. नंदा हिस,
अ. उ. आ.

मूठ हे निश्चयाचं लक्षण आहे. संकटात माणसाचा हात आपोआप वळतो. जुन्या शिल्पांतसुद्धा हे दिसतं. एवढ्यावरून शंका काढण्याचं कारण नाही.

व्हिडिओचं म्हणशील तर त्याची गरज पडली नाही. माणसांशी बोलून मी सगळं गोळा केलं आहे. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा नियम होता, कागद बांधताना मजकूर वाचायचा नाही, हात चुकतो. तो नियम मी आयुष्यभर मोडला. एकदा पाळला तर बिघडलं कुठे?

ते असो. यावेळी पुस्तक नाही, फिल्म पाठवतो आहे. पेनड्राइव्ह पिंकीच्या लॅपटॉपला लावता येईल. तू पडदा बघत नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी पाठवतो, कारण सगळ्या आयुष्यात मी माणसांना दोन-चारच फिल्म सुचवल्या असतील, त्यातली ही पहिल्या नंबरची. परमुलखातली आहे. वाळवंटातून जाणारी एक बस. सबंध फिल्म ड्रायव्हरच्या समोरच्या काचेतून दिसते, रस्ता अंगावर येत राहतो. लोक चढतात, उतरतात, भांडतात. आणि शेवटी कॅमेरा मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि मागच्या काचेतून तोच रस्ता दिसतो. काही नवीन घडत नाही. पण जे जे पुढून येताना कळलं नव्हतं ते जाताना कळतं. ती कोपऱ्यावरची बाई बसला हात करत नव्हती, ती कुणाला तरी निरोप देत होती. खालच्या ओळींत भाषांतराच्या चुका आहेत, त्याची यादी पेनड्राइव्हबरोबर आहे.

हे बघून तुझी बसायची जागा बदलली तर माझं काम झालं. मग सही मागणार नाही, तूच देशील.

एप्रिल जवळ येतो आहे. लोभाची आठवण देत नाही, सहीची देतो.
कैलासदादा

---

उर्से,
६ एप्रिल २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू गरज पडली नाही असं लिहिलंस. बघितला नाही असं लिहिलं नाहीस. पण मला कळलं.

तुझी फिल्म बघितली. पिंकीने उशीवर लॅपटॉप ठेवला. सुरुवातीला मी भिंतीकडे तोंड करून नुसतं ऐकत होते. मग पिंकी म्हणाली, आई, त्या बाईचा हात बघ. म्हणून बघितलं. शेवटाला ती बाई खरंच निरोप देत होती. तू बरोबर म्हणतोस, दादा. नवीन काहीच घडत नाही, आणि सगळं बदलतं. तुझ्या सगळ्या पुस्तकांत हे एक औषध मला लागू पडलं. कसं लागू पडलं ते आता वाच.

दुसऱ्या दिवशी हे कामावर, पिंकी कॉलेजला. मी तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. फोन काढला, पुसला, चार्जिंगला लावला. आणि मागच्या काचेतून बघितलं.

मी काय बघितलं ते लिहिणार नाही. लिहिलं तर तू ते शिवून टाकशील. तू मला इतकी पुस्तकं सुचवलीस, आज मी तुला एक फिल्म सुचवते. तुझ्याच पद्धतीने सांगते. भाषांतर लागत नाही, सगळे मराठीत आणि हिंदीत बोलतात. आवाज चालू ठेवायचा, आवाज बंद करून बघितलीस तर तुझंच पान चार दिसेल. सुरुवात सोडायची नाही. त्याच्या उजव्या हाताकडे बघायचं, आणि जे मोबाइल धरून उभे आहेत त्यांच्या बोलण्याकडे कान ठेवायचा. मधलं काही वगळायचं नाही. वगळलं तर कथा अडते.

तुझ्याकडे नसेल तर दुकानात येणाऱ्या कुणाकडेही मिळेल. सगळ्यांनी जपून ठेवलाय.

बघून झाल्यावर सही माग. मी देते की नाही ते तेव्हा बघू.

मी बरी नाही. पण तुला वाटेल तशी वाईटही नाही. यांना काही सांगितलेलं नाही. ते दोन्हीकडची पत्रं खिशात घालून जातात-येतात, आणि परवा म्हणाले, तुमी बहीण-भाऊ काय लिहिता मला नको, पण समर्थचं काही चांगलं लिहिलं असलं तर कधीतरी वाचून दाखवा.

लोभ मागत नाही. बघ एवढंच मागते.
नंदा

---

वडगाव मावळ,
४ मे २०२५

नंदे,

अ. उ. आ. लिहायला हात होत नाही. तरी लिहिलं आहे असं समज.

तुझ्या पत्रानंतर पंधरा-वीस दिवस मी ते टाळलं. रोज एक दप्तर काढून बांधायला घ्यायचो. मग एका दुपारी शटर अर्धं ओढलं आणि बघितलं. तू सांगितलंस तसं. आवाज चालू ठेवून, न वगळता.

जे दिसलं ते लिहितो. मला दुसरं काही येत नाही.

पाणी वाढलेलं नव्हतं. मी लोंढा लिहिला आहे, लोंढा नंतर आला. पर्यटक अडकलेले नव्हते, खडकावर आरामात उभे होते, कणसं खात होते. गावच्या पोरांनी त्यांना दोराने काढलं ते नंतर, समर्थ गेल्यावर. मी दोन वेगळ्या वेळा एकत्र बांधल्या. लोकांनी सांगताना त्या जोडल्या होत्या, आणि मी जोड तपासला नाही.

एका मुलीची चप्पल पाण्यात पडते. गुलाबी. ती ओरडते, बाकीचे हसतात. समर्थ हातातला दोर शेजारच्या पोराकडे देतो आणि चपलेमागे दोन खडक उतरतो. कुणी सांगितलेलं नाही, तोच जातो. हसत जातो. चप्पल सापडते. ती उजव्या हातात धरून तो वर करून दाखवतो. कुणीतरी शिट्टी मारतं. नंदे, त्याचा चेहरा अगदी लहान असताना कैरी पाडल्यावर व्हायचा तसा आहे. आणि पाय सरकतो.

ते हसत राहतात. मोबाइलवाला म्हणतो की नाटक करतोय. दुसरा म्हणतो काढ काढ, मस्त येतंय. हसणं थांबायला फार वेळ लागतो. हात एकदा परत वर येतो. तेव्हा त्यात चप्पल नसते. तेव्हाही ते हसत असतात.

यात कुणी दुष्ट नाही. मी शोधून पाहिलं. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

मग निलेशकडे गेलो. त्याला म्हटलं, मूळ फोटो दाखव. त्याने दाखवला. चप्पल आहे. म्हणाला, मामा, गेलेल्या माणसाच्या हातात चप्पल कशी छापायची, बरं दिसतं का, लोकांनी मला जोड्यानं मारलं असतं. म्हणून त्याने बोटांच्या वरची चप्पल कापून बोटं तेवढी ठेवली. मला हे सांगायला विसरला असंही नाही. मी शेजारी बसून अक्षरं तपासत होतो, त्याला वाटलं मला दिसतंयच. त्याच्या जागी मी असतो तरी चप्पल कापलीच असती. आपल्यात तसा फोटो लावत नाहीत.

पण मी कडा कापणारा माणूस आहे. कापलेली कड मला आंधळ्याने हात फिरवल्यासारखी कळते. ती मूठ नव्हती, काहीतरी धरलेली बोटं होती. तू उर्शाला बसून, पत्रातल्या पत्रात ओळखलंस. मी तिला वज्रमूठ म्हटलं.

आता आठवतं की मला ओळखायचंच नव्हतं. एका चपलेसाठी गेला, हे घेऊन दुकानात बसता येत नव्हतं. अजून येत नाही. त्या दुपारपासून एक पुस्तक वाचून झालेलं नाही. उघडलं की वाटतं, हा लेखकसुद्धा कुठेतरी चप्पल कापत असणार.

फ्लेक्स उतरवायला गावात गेलो होतो. सोपानआबा आडवे आले. म्हणाले, पोरगं तर गेलंच, आता त्याचं नाव पण बुडवतो का. चार माणसं जमली. मी व्हिडिओत काय आहे ते सांगितलं. त्यातल्या प्रत्येकाने तो बघितलेला आहे. सगळ्यांना चप्पल ठाऊक आहे, नंदे. एकट्या मला ठाऊक नव्हती. आबा म्हणाले, आमाला बी म्हाईत हाय, पण चपलेपायी गेला असं कुटं सांगायचं असतं का. फ्लेक्स तिथेच आहे. उन्हाने विटेल तेव्हा विटेल.

प्रस्ताव संस्थेकडे गेला नाही. तारीख होऊन गेली. तो फाडायचा होता, पण बांधलेलं फाडायला हात चालत नाही. म्हणून दाभण घेऊन चारी बाजूंनी शिवून टाकला. एक पान उघडत नाही आता. तो दाजींच्या हाती पाठवतो आहे. चुलीत घालायचा तर घाल, बकरम नीट जळत नाही, आधी ते काढ.

तुला पुस्तकं पाठवून पलीकडे बसवायला निघालो होतो. लोभाचं मी काही लिहावं असं राहिलेलं नाही.
कैलास

---

उर्से,
१८ मे २०२५

ती. स्व. दादास,
नंदाचा शि. सा. न. वि. वि.

तू दादा लिहिलं नाहीस, पण मी लिहिणार.

चारी बाजू उसवायला दोन दिवस लागले. दाभणाचे टाके आहेत, दोन सुया मोडल्या. सांगितलं होतं मजबूत दोरा वापर, तर इथे वापरलास.

सगळा वाचला. पान चार सोडून बाकीचं खरं आहे. तू लिहिलंयस की त्याला पावसाची वही ठेवायची सवय होती. की तो मामीच्या गुडघ्याला रोज तेल चोळायचा. की पर्यटकांची म्हातारी माणसं उतरवताना तो त्यांना आजी-आजोबा म्हणायचा, आणि त्यांची पिशवी आधी पलीकडे ठेवून यायचा, म्हणजे त्यांना पिशवीची काळजी राहू नये. यातलं कितीतरी मला ठाऊक नव्हतं. तो तुझ्या घरी राहत होता, माझ्या नाही. यांना ते पान वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले, मग हात धुवायला उठले आणि लवकर आत आले नाहीत.

दादा, चपलेसाठी गेला हे मला सहन होत नाही. तुला होत नाही तसंच. रोज सकाळी उठल्यावर पहिली ती गुलाबी चप्पल दिसते. ती मुलगी कुठे असेल, तिने दुसरी चप्पल टाकून दिली असेल का, हेच मनात फिरतं. यातून मी बाहेर येईन असं मला वाटत नाही, आणि तूही आता तसं सांगू नकोस. पण तो वाघ होता तेव्हा मला त्याच्यासाठी रडता येत नव्हतं. आता हसत चप्पल दाखवणारा माझाच आहे. पिशवी आधी ठेवून येणारा तोच चपलेमागे जाणार. दुसरं काय करणार होता तो?

तुझी पेन्सिल नसली तरी पिंकीची होती. पान चारच्या समासात तुझ्यासारखं बारीक अक्षरात लिहिलंय: "मूठ नव्हे. हातात चप्पल होती. तो हसत होता." वज्रमूठ शब्दावर रेघ मारली, पुसला नाही. तू कधी पुसत नाहीस, नुसती रेघ मारतोस. आणि त्याच्या खाली, मोकळ्या जागेत, सही केली. पूर्ण नाव लिहून. अक्षर चांगलं आलंय.

हा कुठे पाठवायचा नाही. इथे कपाटात राहील, त्याच्या कपड्यांशेजारी. पण उसवताना पुठ्ठा खिळखिळा झाला आहे, तो तुलाच परत बांधावा लागेल. यावेळी उघडेल असा बांध.

जुलैमध्ये वर्षश्राद्ध आहे. तोवर थांबू नकोस. रविवारी हे घरी असतात. खळ आणि दोरा घेऊन ये, पुस्तक आणू नकोस. पाणी विचारीन.

लोभ मोडला होता, तो सांधून ठेवते आहे.
तुझी,
नंदा